पत्रांची तार रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात हल्ली मोडी कागदांची बातमी सारखीच असते, कुठं मोडी वाचणारे कमी पडतायत, कुठं जुन्या नोंदींसाठी तहसीलला रांग लागलीय. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली तेव्हापासून आमच्या सातारा जिल्ह्यात घरोघरी माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. आमच्याही घरी आली. पुतण्याच्या कुणबी दाखल्यासाठी 1967 च्या आधीचा पुरावा पाहिजे होता, भावाने दिवसभर उपसून पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरची जुनी नक्कल शोधून काढली, ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि उरलेलं सगळं एका पोत्यात भरून दाराशी ठेवलं, रद्दीवाल्यासाठी. मी योगायोगानं त्याच दिवशी माहेरी गेलेली. त्या पोत्याबद्दलच लिहायचंय, पत्र लांबेल, पण जेवढं बसेल तेवढं तरी छापा ही विनंती.

पोत्यात वरच एक तार होती. ज्यांचं बालपण जुन्या घरात गेलंय त्यांना लगेच कळेल मी काय म्हणते ते. जाड तार, खालच्या टोकाला लाकडाची चकती, वरचं टोक वाकवून आकडा केलेला, आढ्याच्या खिळ्याला अडकवलेली. पत्र आलं, वाचून झालं की त्या आकड्यात टोचायचं, की ते सरसर खाली जाऊन बसायचं. म्हणजे सगळ्यात जुनं पत्र सगळ्यात खाली आणि नवं वर. ही आपल्या लोकांची फाईल होती आणि तारीखवार लावलेली होती, कुणीही न शिकवता. भावाने बरीचशी पत्रं ओढून काढली होती, कारण तार पोतं फाडत होती. त्याला मी काय बोलणार, त्याला माहीतच नव्हतं. पण तो क्रम गेला तो गेला. नंतर मी भोकाभोवतीच्या गंजाच्या डागावरून जमेल तेवढा जुळवला, एकमेकांना चिकटून बसलेल्या कार्डांवर डाग सारखे उमटतात, ते एकाखाली एक ठेवले की कळतं. पंधरा दिवस घरातली जेवणाची टेबलं, पलंग सगळं पत्रांनी भरलेलं होतं.

आता मी एवढं का धावले ते सांगते. माझ्या वडिलांची आई ते लहान असतानाच गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं. आम्ही जिला आजी म्हणत वाढलो ती धाकटी आजी, तिने वडिलांना पोटच्यासारखं सांभाळलं, त्यात कुठंही उणं नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच पहिलीचा विषय घरात निघतच नसे. वडिलांना आजोळ असं नव्हतंच. म्हणजे होतं, पण कुठं ते माहीत नव्हतं. फक्त 'जावळीकडची होती' एवढंच. त्यांना एक आठवण होती, एकच, ती ते म्हातारपणी पुन्हा पुन्हा सांगायचे. कुणाच्या तरी खांद्यावर बसून नदी उतरतोय, पाय पाण्याला लागतायत, पाणी गार आहे आणि ज्याच्या खांद्यावर बसलोय त्याच्या कानातली भिकबाळी हाताला लागतेय. कुठली नदी, कुणाचा खांदा, काही नाही. वडील 2016 साली गेले. मला तेव्हापासून वाटायचं की ते जे विचारत होते ते आपण कधी शोधलं नाही.

वंशावळ आमच्याकडं आहे. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या उपाध्यांच्या चोपडीत आडनाव आणि गाव सांगितल्यावर दहा मिनिटांत पान निघालं, पाच पिढ्या, कुणाच्या अस्थी घेऊन कोण आलं, कुणी सही केली, कुणी अंगठा दिला, बघून अंगावर काटा आला. पण त्यात पुरुषांचीच नावं. बायका एक-दोन ठिकाणी, त्याही सासरच्या नावाने. वडिलांच्या आईचं त्यात काही नाही कारण तिच्या वेळी कुणी गेलंच नसेल. मग गाव नमुना नंबर 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यासाठी एका कार्यालयात मला चार हेलपाटे पडले, पण चौथ्या वेळी तिथल्या एका शिपायाने स्वतः धूळ झटकून बाड काढून दिलं, त्यांचे उपकार. पान उलटताना कडा गळत होत्या. 1944 ची नोंद सापडली. आजोबांचं नाव, त्यापुढे 'बायको', वय 28, रोगाच्या रकान्यात 'ताप'. बास. तिचं स्वतःचं नाव नाही. त्या पानावर त्या महिन्यात 'ताप' लिहिलेली अजून सहा माणसं होती.

म्हणजे सरकारी कागदात ती कुणाची तरी बायको आणि चोपडीत ती नाहीच. ती कुणाची तरी मुलगी, बहीण होती हे फक्त त्या तारेत होतं.

तारेतली जुनी पत्रं मोडीत. मला मोडी येत नव्हतं. आमच्या पिढीने ते फक्त पेढीच्या जुन्या वहीत लांबून बघितलेलं, 1950 च्या दशकात ते शाळेतून आणि व्यवहारातून गेलंच. मग मी पुराभिलेखवाल्यांच्या मोडी वर्गाला नाव घातलं, दहा दिवसांचा होता, वर्गात मी सोडून बहुतेक सगळी पंचवीस-तीसची पोरं, आणि फार हुशार. दहा दिवसांत अक्षर ओळखायला लागतं, वाचता यायला पुढं वर्ष जातं हे मात्र खरं. कारण मोडीत आधी सबंध ओळभर रेघ मारून घेतात आणि मग हात न उचलता खाली अक्षरं लटकवत जातात, शब्द कुठं संपला ते दिसत नाही, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही, आणि प्रत्येकाचा हात वेगळा. एकाच माणसाची पाच-सहा कार्डं सलग वाचली की त्याचा हात कळतो, मग सातवं कार्ड आपोआप वाचता येतं. ज्यांना मोडी शिकायचंय त्यांना एवढंच सांगेन की आपल्या घरच्या पत्रावर शिका. पुस्तकातल्या धड्यापेक्षा दहापट जोरात शिकता, कारण पुढं काय लिहिलंय हे कळल्याशिवाय झोपच लागत नाही.

सगळ्यात खालचं कार्ड, म्हणजे लाकडाच्या चकतीला टेकलेलं, त्यावर पंचम जॉर्जचं डोकं, पाऊण आण्याचं. जावळीतल्या मेढ्याचा शिक्का, 27 जुलै 1935. पत्त्यावर आजोबांच्या वडिलांचं नाव, तालुका कोरेगाव, कारण सुनेच्या नावानं पत्र पाठवायची पद्धत नव्हती, सासऱ्याच्या नावानं यायचं आणि आत मजकूर तिला. आतली मिती आषाढ वद्य 10 शके 1857. वर श्री. मग 'चि. सौ.' आणि पुढं तिचं नाव, आणि बरोबर त्या नावावर तारेचं भोक.

भिंगातून बघितलं, उन्हात धरून बघितलं, मोबाईलमध्ये फोटो मोठा करून बघितला. पहिलं अक्षर ग आहे. त्यावर काना-मात्रा काही होती का ते गंजानं खाल्लंय. शेवटी 'स'. मधलं सगळं भोकात गेलं. आमच्या वर्गातल्या सरांनीही पाहिलं, ते म्हणाले ग किंवा गो, याच्या पुढं सांगणं म्हणजे अंदाज होईल. मला त्यांचं ते न सांगणं फार आवडलं खरंतर. आणि बाकीच्या कार्डांत तिचं नाव नाहीच, कारण ती सगळी तिच्या धाकट्या भावाने लिहिलेली आणि तो तिला 'अक्का' म्हणतो. 'अक्कास साष्टांग नमस्कार.' लग्नात नाव बदललं ते सासरचं नाव आम्हाला धाकट्या आजीच्या एका नातलगाकडून कळलं होतं, पण बापाने ठेवलेलं नाव हे एवढंच, ग आणि पुढं भोक.

त्या पहिल्या कार्डाचा मजकूर असा आहे की घरी सर्व खुशाल, नाचणीची लावण झाली, एक बैल बसला आहे, पाऊस फार, नदी उतरत नाही, सबब पंचमीस न्यावयास कोणी येऊ शकत नाही, वाट पाहू नये, गौरीस येऊ. नागपंचमीला मुराळी आला नाही तर त्या वयाच्या पोरीचं काय होतं ते आपल्या बायकांना वेगळं सांगायला नको. तिचं तेव्हा लग्नाचं नवंच वर्ष असणार, 1944 ला 28 म्हणजे 1935 ला 19. ते कार्ड तिला कुणीतरी वाचून दाखवलं असेल. ओसरीवर. सगळ्यांसमोर.

मला हे वाचून दोन दिवस काही सुचलं नाही.

1938 चं कार्ड भावाचं. 'पौर्णिमेस पुत्र झाल्याचे कळले, सर्वांस संतोष जाहला.' मिती पौष वद्य, शके 1859. इथं एक गोष्ट सांगते कारण यात बरेच जण चुकतात. शकात 78 मिळवून इसवी सन काढतात, ते चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ठीक, पण पौषातल्या जानेवारीत येणाऱ्या तिथी, माघ आणि फाल्गुन यांना 79 मिळवायचे. म्हणजे ती पौष पौर्णिमा 1937 ची नाही, 1938 ची, पंचांगावरून 16 जानेवारी 1938. माझ्या वडिलांचा वाढदिवस आम्ही आयुष्यभर 1 जूनला केला. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला असतो, मास्तरांनी शाळेत नाव घालताना तीच तारीख घातलेली. वडिलांना स्वतःला माहीत होतं की ती खरी नाही, म्हणायचे आईला ठाऊक असणार. आईला ठाऊक होतंच, आणि तिने ती माहेरी कळवली, आणि मामाने उत्तरात लिहिली म्हणून ती वडील जाईपर्यंत 78 वर्षं आमच्या आढ्याला टांगून राहिली. वडील ज्या घरात झोपायचे त्याच घरात. आणि कुणी वाचली नाही.

नंतरच्या पत्रांमधून एक-एक गोष्ट कळत गेली, सगळं लिहीत नाही. आजोबा मुंबईला गिरणीत होते, त्यांच्या मनिऑर्डरींच्या खालच्या कुपनावर दोन-दोन ओळी, त्या ओळींवरूनही पुष्कळ कळतं. आजीच्या भावाच्या पत्रात दरवेळी भाच्याची चौकशी. पण 1944 मध्ये आजी गेल्याचं पत्र नाही. मी आधी समजले हरवलं. मग एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी सांगितलं की अगं ते घरात ठेवायचं नसतं. वाईट बातमीच्या पत्रावर श्री नसायचा, कोपरा फाडलेला असायचा, वाचलं की बाहेरच फाडून टाकायचं, घरात आणायचंसुद्धा नाही. आणि ते पत्र तर आमच्याकडून तिकडं गेलेलं, ते तिच्या माहेरच्यांनी दारातच फाडलं असणार. त्यामुळे जे कुणी घरच्या पत्रांवरून घराण्याचा इतिहास लावतायत त्यांनी हे लक्षात ठेवा, आपल्या घरात जन्म सापडतील, बारसं, लग्न, बैल घेतला, विहीर खणली सगळं सापडेल, मरण सापडणार नाही. ते मधल्या जागेवरून ओळखायचं. काल 'सौ.' होतं आणि आज 'गं. भा.' झालं की मधे काहीतरी झालं. किंवा एका माणसाचा नमस्कार पत्राच्या शेवटी येतच होता आणि अचानक बंद झाला.

1944 च्या दिवाळीनंतरचं एक कार्ड आहे, मामाचं, आजोबांना लिहिलेलं. 'पोरास एकवार पाठवून देणे, आईस पाहावयाचा आहे. मी स्वतः येऊन नेईन व पोचवीन.' आई म्हणजे आमच्या आजीची आई. लेक गेली, नातू सहा वर्षांचा, त्याला एकदा बघायचंय.

आणि वडिलांना तो खांदा आठवत होता.

म्हणजे नेलं होतं. मामाने स्वतः येऊन नेलं होतं, नदी कोयना होती, कारण त्यांचं गाव पलीकडच्या काठावर, पहिल्या कार्डात 'नदी उतरत नाही' म्हणून लिहिलंय ती हीच. भिकबाळी मामाची. मी हे जुळवलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, घरात सगळे झोपलेले, आणि सांगायचं कुणाला तर ज्यांना सांगायचं ते नव्हते.

शेवटचं एक पत्र राहिलं. ते तारेत जवळजवळ वर, बालबोधमध्ये म्हणजे देवनागरीत, शाईच्या पेनाने, तारीख नाही, तिकीट कुणीतरी पोराने काढून घेतलेलं, शिक्का तिकिटाबरोबर गेला. पण पत्त्यात 'जि. उत्तर सातारा' आहे. 1949 ला संस्थानं विलीन झाल्यावर सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन केले होते, 1960 मध्ये दक्षिण सातारचा सांगली झाला आणि आपला परत नुसता सातारा. म्हणजे ते पत्र त्या अकरा वर्षांतलं, आणि मजकुरावरून पन्नास-पंचावन्नच्या पुढचं. मामा लिहितो की धरणाचे काम लागले, गाव उठणार, कोठे जावयाचे ते अद्याप ठरलेले नाही, कोणी ठाण्याकडे म्हणतात कोणी सोलापूरकडे, भाच्यास कळवावे, पत्ता ठरला की लिहीन.

भाच्यास कळवावे असं लिहिलंय. भाचा तेव्हा सतरा-अठराचा, मॅट्रिकच्या आसपास. त्याला कळवलं नाही. आजोबांवर मी राग धरत नाही, दुसरा संसार होता, धाकट्या आजीची चार लेकरं होती, गिरणीचा पगार होता, त्या माणसाच्या डोक्यात काय असेल ते मी कशाला बोलू. पण त्यांनी ते पत्र फाडलं नाही एवढं खरं. तारेला लावलं. पत्ता ठरल्यावरचं पत्र मात्र तारेत नाही. आलं नाही, की आलं आणि कुठं गेलं, ते मला सांगता येत नाही.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागातली कितीतरी गावं गेली हे तुमच्या वाचकांना माहीत आहे. लोक ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली असे कुठं कुठं पांगले. एकेका भावकीचे तीन जिल्ह्यांत तुकडे झाले. त्यांच्यातल्या पुष्कळांचे कागद होडीतून, डोक्यावरून, जसे नेता आले तसे गेले. आज त्यांची पोरं-नातवंडं पुनर्वसनाच्या दाखल्यासाठी, जमिनीच्या वाटपासाठी अजून कागद शोधतायत, म्हणजे त्यांनाही तो 'कामाचा' कागद हवाच आहे. मी तापोळ्याला जाऊन आले, लाँचमध्ये बसून मधोमध गेले, लाँचवाल्या पोराला गावाचं नाव सांगितलं तर त्याने हात करून दाखवलं, तिथं, उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर देवळाचा चौथरा दिसतो म्हणाला. तिथल्या पाण्यात हात घातला. गार होतं.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. इतके दिवस पत्रं घेऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्याकडं जे आहे ते अर्धंच आहे. आमच्या तारेत आम्हाला आलेली पत्रं आहेत. आजीने तिकडं पाठवलेली, म्हणजे तिने सांगितलेली आणि कुणीतरी लिहून दिलेली, ती आमच्याकडं कशी असतील, ती तिच्या माहेरच्या तारेत. 'पुत्र झाल्याचे कळले' असं मामा लिहितो, मग ते कळवणारं पत्र त्यांच्याकडं होतं. तिचं बापाने ठेवलेलं पूर्ण नाव त्यांच्या घरात कुणाच्या तरी तोंडात असेल, पाळण्याच्या वहीत असेल, देवाच्या नवसात असेल. आणि तसंच, आमच्या तारेत मामाच्या घरची सगळी हकीकत आहे, कुणाचं लग्न झालं, कुठला बैल बसला, घर कुठल्या साली शाकारलं, त्यांच्या आईच्या गुडघ्याला काय लावलं, गावात शाळा कधी निघाली. त्यांचे कागद पाण्याबरोबर गेले असतील तर त्यांच्या घराची वीसेक वर्षं आमच्या आढ्याला टांगलेली होती, आणि ती पोत्यात भरून रद्दीला निघाली होती.

आपलं घरचं पत्र आपलं नसतंच हो. ते लिहिणाऱ्याच्या घरचं असतं. आपल्या घराची गोष्ट दुसऱ्याच्या माळ्यावर आणि त्यांची आपल्या. त्यामुळे 'आमच्यात जुनं काही विशेष नाही, आमच्यात कुणी मोठं होऊन गेलं नाही' म्हणून जी पोती जातात त्यात दुसऱ्या कुणाची आई जाते. मोठ्यांचे कागद जपायला माणसं होती आणि आहेत, इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करत हिंडले, आपल्याच वाईत सापडलेल्या कागदांपासून सुरुवात केली आणि 1898 ला मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, पुण्यात 1910 ला भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडून सरदेसायांनी 45 खंड काढले. त्या सगळ्यांबद्दल मला फार आदर आहे. पण नाचणी लावणाऱ्याचं पाऊण आण्याचं कार्ड कुठल्या दप्तरात जाणार? ते जपायचं तर आपणच, आपल्या घरात.

म्हणून ज्यांच्या घरी दाखल्यासाठी पेट्या उघडल्यात किंवा उघडणार आहेत त्यांना हात जोडून विनंती की कामाचा कागद काढा, जरूर काढा, पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, पण उरलेलं पोत्यात भरू नका. तार असेल तर ओढून काढू नका, आधी बाजूने फोटो घ्या, मग एकेक वरून काढत त्याच क्रमाने ठेवा. दोन्ही बाजूंचा फोटो, पत्त्याची बाजू मजकुराइतकीच महत्त्वाची, शिक्का, तिकीट, जिल्ह्याचं नाव यावरूनच साल निघतं. लॅमिनेशन करू नका, आमच्या एका पाहुण्यांनी चांगलं म्हणून 1911 ची खरेदीखताची नक्कल लॅमिनेट करून आणली, ती आता आत पिवळी पडून चिकटलीय आणि काढता येत नाही. सेलोटेप नको. पेनाने नंबर घालू नका, पेन्सिलीने, कोपऱ्यात, हलक्या हाताने. सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवलं तरी खूप झालं, आपल्या आज्या-पणज्या तेच करत होत्या. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर मोडी नसलेली पत्रं त्यांना वाचून दाखवा आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, नावाला नाव लागलं की माणसं बोलायला लागतात. आमच्या त्या आत्याबाईंनी कोपरा फाडायचं सांगितलं आणि पुढच्या श्रावणात त्या गेल्या.

सरकारकडंही एक मागणं आहे. जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन होऊन आता मोबाईलवर दिसतात ही फार चांगली गोष्ट झाली, पण नमुना 14 ची बाडं जिथं जिथं अजून कपाटावर पडून आहेत तिथं ती आधी घ्या, त्यांचे कागद हातात चुरा होतायत. आणि कुणबी नोंदींच्या कामासाठी जी मोडी जाणणारी पोरं तयार झालीत, त्यांना काम संपलं म्हणून घरी पाठवू नका, तालुक्याला एक जण जरी आठवड्यातून एक दिवस बसला आणि लोकांची घरची पत्रं वाचून दिली तरी लोक लांबून लांबून येतील. मी स्वतः माझ्या ओळखीतल्या सात-आठ घरांची कार्डं वाचून दिलीत, जशी जमली तशी, पैसे घेत नाही. गेल्या महिन्यात एका बाईंना त्यांच्या सासऱ्यांचं कार्ड वाचून दाखवलं, त्यात नुसतं 'कोंबडी अंडी घालू लागली' एवढंच विशेष होतं, आणि त्या रडायला लागल्या कारण सासऱ्यांचं अक्षर त्यांनी पहिल्यांदाच कुणाच्या तोंडून ऐकलं.

आणि शेवटी माझं स्वतःचं. कोयनेच्या पलीकडच्या काठावरून उठून ठाणे, रायगड, सोलापूर किंवा कुठंही गेलेल्या कुटुंबांपैकी कुणाच्या घरात अशी गोष्ट सांगितली जात असेल की आमची एक आत्या किंवा आमच्या आजोबांची अक्का कोरेगाव तालुक्यात दिली होती, ती तरणीच तापानं गेली, मागं एक मुलगा होता आणि त्याला आजोबांनी एकदा खांद्यावरून नदी उतरून आणला होता, तर कृपा करून संपादकांकडं कळवा, माझं नाव-पत्ता मी त्यांच्याकडं दिलाय. तुमच्या आजोबांच्या हातची एकोणीस पत्रं माझ्याकडं आहेत, ती तुमची आहेत, मी आणून देईन. मला फक्त तिचं नाव सांगा. ग पासून सुरू होतं.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा